तीन वेळा बदललेला ७८०५

संध्याकाळी सहा-सव्वासहाला फोन वाजला की नाव न बघता मी ओळखायला लागले होते, तात्याच असणार. तात्या म्हणजे मसूरच्या पलीकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. "ताई, आकडा परत उडाला बघा." मागून किटल्यांचा खणखणाट, माणसांचा कालवा, आणि त्यातून एखादा आवाज हमखास वर यायचा, "मशीनच खोटं हाय ओ!"

मशीन खोटं नव्हतं. आत वजन नीट होत होतं, फॅट नीट लागत होती, पावतीही बरोबर छापून येत होती. घोळ होता तो खिडकीच्या वर टांगलेल्या लाल आकड्यांच्या डिस्प्लेचा. दूध घालणाऱ्याला आपला कोड नंबर, लिटर आणि फॅट त्याच्यावर दिसते. तो दिवसभर गुण्यागोविंदाने चालायचा, सकाळच्या पाळीला चालायचा, आणि संध्याकाळी ऐन गर्दीत सगळीकडे आठ-आठ-आठ दाखवून विझायचा. मग शून्य. मग पुन्हा आठ-आठ-आठ. आता माझ्यासारखीला लगेच कळतं की आठाचे आकडे म्हणजे डिस्प्ले नुकताच चालू झालाय आणि आपले सगळे दिवे तपासून बघतोय, म्हणजे बिचारा सारखा बंद पडून उठतोय. पण किटली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? त्याला दिसतं एवढंच, की माझं दूध मापाला लागलं आणि आकडा शून्य झाला. तात्यांवर काटा मारल्याचा आळ यायचाच बाकी होता.

कराडच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात यायच्या आधी तात्यांनी दुसऱ्या एकाकडून हा डिस्प्ले तीनदा दुरुस्त करून घेतला होता. तिन्ही वेळा निदान एकच, "रेग्युलेटर गेलाय." तिन्ही वेळा नवा ७८०५, म्हणजे पक्के पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी, बसला, दोन-तीन दिवस बरे गेले, पुन्हा आठ-आठ-आठ. तात्या हिशेबी माणूस, काढलेला माल त्यांनी टाकला नव्हता. काडेपेटीत जपून ठेवलेले तीन ७८०५ त्यांनी माझ्या टेबलावर ओतले आणि म्हणाले, "ही तीन मेलेली. चौथं आत हाय."

एका डिस्प्लेत तीन ७८०५ मरतात यावर माझा विश्वास बसेना. एक मरू शकतो. तीन म्हणजे दुखणं दुसरीकडे आहे.

ज्यांनी हा आयसी हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ७८०५ दिसायला ट्रान्झिस्टरसारखा, काळं अंग, मागे भोक पाडलेला पत्रा आणि तीन पाय. छापील बाजू आपल्याकडे धरली की डावीकडचा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवीकडचा आउटपुट. मागचा पत्राही ग्राउंडलाच जोडलेला. ७८ म्हणजे धन व्होल्टेजचा, ०५ म्हणजे पाच व्होल्टचा. ७८१२ बाराचा, ७८०९ नऊचा, आणि ७९ने सुरू होणारे ऋण बाजूचे. नाव वाचलं की काम कळलं, इतका सरळ कारभार इलेक्ट्रॉनिक्समधे फार थोड्या ठिकाणी आहे. पाच म्हणजे अगदी पाच नाही, ४.८ ते ५.२ मधे कुठंही चालतं असं डेटाशीट सांगतं. माझ्या हातून गेलेले बहुतेक ४.९५ ते ५.०५ मधे निघालेत.

आत एक पक्कं संदर्भ व्होल्टेज असतं. बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा त्याच्याशी सतत ताडून बघितला जातो, आणि इनपुट व आउटपुटच्या मधे बसलेला दांडगा ट्रान्झिस्टर त्या हिशेबाने कमी-जास्त उघडत राहतो. वरून बारा व्होल्ट आले तर पाच पुढे पाठवतो आणि सात स्वतः सोसतो. हे सोसणं फुकट नाही. सात व्होल्ट गुणिले जो काही करंट असेल तो, एवढे वॉट उष्णता होऊन बाहेर पडतात. अर्धा अँपिअर ओढला तर साडेतीन वॉट. आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा, न लावलेल्या उघड्या ७८०५चं तापमान एका वॉटला साधारण ६५ अंशांनी चढतं. साडेतीनला ६५ने गुणून बघा. एवढा तापायच्या आधीच तो स्वतःला बंद करून घेतो, थंड झाला की पुन्हा चालू. करंट जास्त ओढला तरी हात आखडता घेतो. म्हणूनच हा आयसी मारायला तसा कठीण. उलटा जोडला, ३५ व्होल्टच्या वर दिले, किंवा आउटपुटवर मोठा कंडेन्सर ठेवून इनपुट शॉर्ट केलं तर मरेल. साध्या हालअपेष्टांनी नाही.

ही कल्पना कुणाची, हे मला डिप्लोमाला कुणीच शिकवलं नाही. नंतर वाचलं. अमेरिकेत नॅशनल सेमिकंडक्टरमधे बॉब विडलर नावाचा अवलिया होता. १९७०च्या सुमारास त्याचा एलएम३०९ आला. पाच व्होल्ट, एक अँपिअर, संदर्भ व्होल्टेज, दांडगा ट्रान्झिस्टर आणि तापल्यावर बंद व्हायची सोय, सगळं सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर. तापणारा ट्रान्झिस्टर आणि नाजूक संदर्भ एकाच खोलीत नांदवणं हीच त्यातली खरी करामत. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फेअरचाइल्डने ७८०० मालिका काढली आणि मग ते आकडेच जगभर चालले. पन्नास वर्षं उलटली, आज फेअरचाइल्डही स्वतंत्र राहिलेली नाही आणि नॅशनलही नाही, पण ७८०५ कराडच्या माझ्या ड्रॉवरमधे आहे.

तेव्हा याची गरज का पडली हेही मजेशीर आहे. त्या काळचे लॉजिक आयसी पाच व्होल्टवर चालायचे आणि ढसाढसा करंट प्यायचे. कॉम्प्युटरच्या मोठ्या कपाटात एकाच ठिकाणी पाच व्होल्ट बनवून लांब तारांनी सगळ्या कार्डांपर्यंत न्यायचे म्हटलं तर तारेतच व्होल्टेज गळायचं. मग प्रत्येक कार्डावरच एक छोटा रेग्युलेटर बसवला की वाटेतल्या गळतीची चिंता मिटली. १९७५च्या अल्टेअर ८८०० या कॉम्प्युटरमधे असंच होतं. सगळ्या कार्डांना जोडणाऱ्या सामाईक तारांवरून, म्हणजे बसवरून, कच्चे आठ व्होल्ट फिरायचे आणि कार्डाकार्डावर ७८०५ त्याचे पाच करायचा. आठच का? तात्यांच्या डिस्प्लेचं दुखणं याच प्रश्नात होतं, आणि मला तिथे पोचायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला.

दुकानात डिस्प्ले चालवून उपयोग नव्हता, माझ्याकडे तो तासन्‌तास बिनतक्रार चालायचा. रोग संध्याकाळचा होता, म्हणून मीच संध्याकाळी गेले. ॲक्टिव्हाच्या डिकीत मीटर, सोल्डरिंग गन आणि दोन-चार कंडेन्सर टाकून साडेपाचला पोचले. तात्यांनी आधी खुर्ची दिली, मग दूध घातलेला घट्ट चहा दिला, मग रांगेकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "कराडच्या म्याडम आल्यात, आता काय ते समोरासमोर बघा." म्हणजे पंचवीस-तीस माणसांच्या साक्षीनं मी उघडा डिस्प्ले मांडीवर घेऊन बसले.

सॉकेटवर मीटर लावला. १९५ व्होल्ट. आजूबाजूला सगळा ऊस, सातच्या आत जेवढं पाणी पाजता येईल तेवढं पाजायचं म्हणून मोटारी सुरू. कुठं एखादी मोटार उचलली की आकडा १८५ला टेकायचा आणि हळूहळू वर यायचा. एक आजोबा शेजारून म्हणाले, "होल्टेजच नाय तर मशीन तरी काय करंल." त्यांचं निम्मं निदान तिथेच झालं होतं. मी मात्र शिकलेली असल्यामुळे पुढे मोजत बसले.

आत नऊ व्होल्ट, एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, साठा धरणारा २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, आणि मग ७८०५. आधीच्या मेकॅनिकने ७८०५ हीटसिंकला लावताना मधे उष्णता वाहून नेणारी पेस्ट घातली नव्हती आणि स्क्रूही ढिला ठेवला होता. बोट लावलं तर चटका. पण चटका बसणं म्हणजे बिघाड नव्हे, तापणं हा त्याचा धंदाच आहे. डिस्प्लेचा करंट सगळे आकडे पेटल्यावर जेमतेम ३०० मिलिअँपिअर. इनपुटच्या पायावर डीसी मोजलं, साडेसात ते आठ व्होल्ट. आउटपुट ४.८, जरासं थरथरणारं.

७८०५ला नीट चालायला आउटपुटपेक्षा सुमारे दोन व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे सात. आत तो दांडगा ट्रान्झिस्टर एकट्याने काम करत नाही, त्याला उचलायला दुसरा असतो, दोघांचे बेस-एमिटरचे प्रत्येकी पाऊण व्होल्ट आणि थोडं करंट मोजणाऱ्या रेझिस्टरचं, मिळून दोनच्या घरात जातं. म्हणून अल्टेअरवाल्यांनी आठ ठेवले, सात लागतात आणि एक हाताशी असावा. माझ्या मीटरवर साडेसात दिसत होते. म्हणजे भागायला हवं होतं. मग आउटपुट ४.८ का? अर्धा तास मी ७८०५वरच संशय घेत बसले. आधीच्या मेकॅनिकनेही नेमकं हेच मोजलं असणार आणि नेमका हाच निष्कर्ष काढला असणार, इनपुट बरोबर, आउटपुट कमी, तेव्हा आयसी बाद. मी चौथा काढून पाचवा लावायला हात घातलाच होता.

मग मामा आठवले. मिरजेला मामांचं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं, सुट्टीत मी तिथेच पडलेली असायचे. मामा म्हणायचे, डीसीचा काटा म्हणजे गावाची सरासरी उंची, त्यावरनं दाराची चौकट करायची नाही. लहानपणी मला ते कळलं नव्हतं.

ब्रिजमधून येणारं व्होल्टेज सपाट नसतं. सेकंदाला शंभर वेळा ते वर चढतं आणि मधल्या वेळात कंडेन्सर साठा पुरवत खाली उतरत राहतो. करवतीच्या दातांसारखं. मीटर दाखवतो ती सरासरी. ७८०५ला सरासरीशी देणंघेणं नाही, दाताच्या खालच्या टोकाला किती उरलं यावर त्याचं चालतं. आणि खालचं टोक बघायला माझ्याकडे तिथे ऑसिलोस्कोप, म्हणजे लाट पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र, नव्हतं. पण एक जुगाड आहे. मीटर एसीवर ठेवायचा आणि प्रोबच्या वाटेत ०.४७ मायक्रोफॅरडचा साधा पॉलिस्टर कंडेन्सर घालायचा. कंडेन्सर न घालता स्वस्त मीटर एसीवर ठेवून डीसीला लावला तर तो भलताच आकडा फेकतो. कंडेन्सर घातला की डीसी अडतं आणि फक्त लाट मीटरपर्यंत पोचते.

लाट निघाली एक व्होल्टची. करवतीसारख्या लाटेला मीटरवर एक म्हणजे टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ साडेतीन. सरासरी साडेसात, वर ९.२, खाली ५.८. लागतात सात, मिळतात पाच पॉइंट आठ. सेकंदाला शंभर वेळा ७८०५च्या पायाखालची फळी निघत होती.

आता ३०० मिलिअँपिअरला आणि २२०० मायक्रोफॅरडला लाट एवढी यायला नको. दोन दातांच्या मधे कंडेन्सरला साधारण आठ मिलिसेकंद एकट्याने ओझं वाहायचं असतं. ०.३ गुणिले ०.००८ भागिले ०.००२२, सव्वा व्होल्टच्या आतच येतं. साडेतीन येतायत म्हणजे कंडेन्सर २२००चा उरलेला नाही. तो बाहेर काढला. वरून टक्क, फुगलेला नाही, गळलेला नाही, छपाईसुद्धा चकचकीत. मीटरच्या कंडेन्सर रेंजला लावला, ६८०.

आणि तो असा सुकला का, तेही समोरच होतं. बोर्ड बनवणाऱ्याने कंडेन्सर बरोबर हीटसिंकला चिकटवून बसवला होता. आतला द्रव तापमानाने उडत जातो, दर दहा अंश जास्त तापलं की आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशेब आहे. ७८०५ जी उष्णता बाहेर टाकत होता ती शेजारी बसून कंडेन्सर पीत होता, वर्षानुवर्षं, आणि ८५ अंशांपर्यंतच सोसणारा होता तो. म्हणजे तीनदा शिक्षा झालेला ७८०५ अगदीच निर्दोष होता असंही म्हणता यायचं नाही. शेजाऱ्याला त्यानेच मारलं होतं, फक्त खटला भलत्याच कलमाखाली चालला.

उरलेला गुंता मग आपोआप सुटला. मोटार उचलली, लाईट १८५वर आली, पाच व्होल्ट चारच्या आसपास गेले, डिस्प्लेच्या प्रोसेसरने रिसेट घेतला. रिसेटमधे आकडे विझतात, म्हणजे ओझं उतरलं, व्होल्टेज पुन्हा सावरलं. प्रोसेसर उठला आणि उठल्या उठल्या त्याने काय केलं, तर दिवे तपासायला सगळीकडे आठ पेटवले. आठ म्हणजे सातही दांड्या, म्हणजे सगळ्यात जास्त करंट! पुन्हा आडवा. उभं राहायचं आणि पहिलं काम म्हणून सगळ्यात जड पोतं उचलायचं, असं चाललं होतं.

नवा कंडेन्सर घातला, ३३०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंशवाला. जुन्या जागी न बसवता दोन इंच तार सोडून कोपऱ्यात सिलिकॉनने चिकटवला. हीटसिंक पुसून पेस्ट लावली, स्क्रू आवळला. सहा पंचवीसला १८८ व्होल्टवर आउटपुट ४.९९, मीटर हलेना. रांगेतल्या पहिल्या माणसाचा कोड पडला, लिटर पडले, फॅट पडली, आकडा जागचा हलला नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मघाचे आजोबा फक्त म्हणाले, "मंग होल्टेज न्हवतं म्हणायचं." मी हो म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

तात्यांनी कंडेन्सरची किंमत विचारली. तीस रुपये म्हटल्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी त्यांना फसवत होते की आधीचा, हेच त्यांना ठरवता येईना.

हा किस्सा मी एका ग्रुपवर सांगितला तर लगेच सल्ले आले. एक म्हणाला, ७८०५ काढा, कमी फरकावर चालणारा एएमएस१११७ लावा, त्याला दोनच्या जागी एक-सव्वा व्होल्ट पुरतात. बरोबर आहे. पण त्याला इनपुटला १५च्या वर चालत नाही. तात्यांच्याच गावात रात्री मोटारी बंद झाल्या की लाईट अडीचशेच्या वर जाते, डिस्प्लेवर आकडे नसले की ट्रान्सफॉर्मर मोकळा पडतो आणि कंडेन्सरवर पंधराच्या जवळ साठतं. म्हणजे संध्याकाळ वाचवायला जाऊन पहाट गमवायची. शिवाय त्याच्या पायांचा क्रम वेगळा आणि मागचा पत्रा आउटपुटला, ७८०५च्या जागी तसाच बसतच नाही. आपल्याकडच्या लाईटला १८५ ते २५५ सोसणारा गडी लागतो. या बाबतीत म्हातारा ७८०५ मला आवडतो.

पायांच्या क्रमावरून माझी स्वतःची फजिती सांगते, दुसऱ्याच्या चुका सांगून झाल्या. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी अधिक-उणे बारा व्होल्टचा सप्लाय बनवला होता. धन बाजूला ७८१२, ऋण बाजूला ७९१२. पायांचा क्रम वेगळा असतो हे वाचून गेले होते. ७९च्या मालिकेत पहिला पाय ग्राउंड, मधला इनपुट. तेवढं बरोबर केलं आणि स्वतःवर खूश झाले. मग दोघांना एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर शेजारी शेजारी स्क्रूने आवळलं, छान सरळ रेषेत. ७८१२चा पत्रा ग्राउंडला असतो. ७९१२चा पत्रा मधल्या पायाला, म्हणजे इनपुटला. पट्टीने दोघांची गाठ घालून दिली. चालू केल्याबरोबर ट्रान्सफॉर्मर गुरगुरला, ब्रिजमधला एक डायोड फटकन फुटला आणि लॅबभर तो वास पसरला. मधे अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बूच घातलं असतं तर काही झालं नसतं. मिरजेला जाऊन मामांना सांगितलं तर ते हसले नाहीत. ड्रॉवर उघडून त्यांनी अभ्रकाच्या चकत्यांची पुडी माझ्या हातात ठेवली आणि पुन्हा टेपच्या हेडमधे डोकं घातलं. त्या पुडीतल्या चार-पाच चकत्या अजून आहेत माझ्याकडे.

नकली मालाचं एक आहे. पुण्याला बुधवार पेठेत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेले की मी ७८०५ पन्नास-पन्नास आणते. एकदा एका दुकानातून जरा जास्तच स्वस्त मिळाले. छपाई ठसठशीत, पण पत्रा पत्रावळीसारखा पातळ, आणि ॲसिटोनचा बोळा फिरवला तर कंपनीचं नावच पुसून गेलं. पाच व्होल्ट मात्र सगळे देत होते! नुसत्या मीटरने तपासला तर प्रत्येक जण पास. म्हणून मी आता दहा ओहमचा पाच वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावूनच तपासते. त्यात अर्धा अँपिअर जातो. हीटसिंकवर धरून पाच मिनिटं पाच व्होल्ट टिकले तर माल खरा. त्या पन्नासातले एकोणीस टिकले नाहीत.

आणि दुचाकीला ७८०५ लावून मोबाइल चार्जर करणारी पोरं. दर उन्हाळ्यात दोघं-तिघं तरी येतात. बाबांनो, गाडी चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्टच्या वर असतात. एक अँपिअर ओढलात तर मोबाइलला पाच वॉट आणि आयसीला नऊ. सीटखाली इस्त्री ठेवल्यासारखं आहे ते. तिथं बक मॉड्यूलच लावा, जे व्होल्टेज जाळत नाही, झटपट चालू-बंद करून बेताने घेतं.

मग सगळीकडे बकच का नको? हे मी स्वतः करून बघितलंय. घरी गॅस सिलिंडरखाली ठेवायला एक काटा बनवला होता, लोडसेलचा, म्हणजे वजनाप्रमाणे बारीकसं व्होल्टेज देणाऱ्या तुकड्याचा, आत किती गॅस उरलाय ते कळायला. दुकानातला काटा उघडायचा तर वैधमापनाचा परवाना लागतो, ते काम मी करत नाही, पण स्वतःच्या ओट्याखाली कोण विचारतंय. पन्नास किलोच्या लोडसेलला पाच व्होल्ट दिले की पन्नास किलोच्या वजनाला तो दहा मिलिव्होल्ट देतो. म्हणजे पाच ग्रॅमला एक मायक्रोव्होल्ट. त्याला एलएम२५९६चं बक मॉड्यूल लावलं तर आकडा एका जागी राहीना, बसल्या बसल्या तीस-चाळीस ग्रॅम इकडे-तिकडे. ते मॉड्यूल सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होतं आणि ती किरकिर थेट लोडसेलपर्यंत. मग बकने आठ व्होल्ट केले, मधे छोटी कॉइल आणि कंडेन्सर ठेवला, आणि पुढे ७८०५. त्याच्या एकट्याने एवढी वेगवान किरकिर अडत नाही, म्हणून ती कॉइल. तीन व्होल्ट जाळतो, करंट नगण्य, कोमटसुद्धा होत नाही. आकडा थांबला.

तात्यांच्या काडेपेटीतले तिघेही मी दुकानात परत येऊन त्याच दहा ओहमच्या रेझिस्टरवर लावले. पहिला ४.९६. दुसरा ५.०२. तिसरा ४.९९. पाच-पाच मिनिटं, एकालाही काही झालेलं नाही. फोन करून तात्यांना सांगितलं, "तुमचे तिन्ही जिवंत आहेत." ते थोडा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, "ठेवा तुमच्याकडंच. आता कशाला परत द्यायचं."

दोघांचे पाय फार आखूड कापलेले होते, ते ड्रॉवरमधे आहेत. तिसरा सिलिंडरच्या काट्यात बसलाय. काल रात्री तो ३.१ किलो दाखवत होता. सासूबाईंनी चष्मा लावून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "नंबर लावून ठेव गं, पाहुणे यायचेत."